शेऱ्याचा रकाना

दिवाळीच्या आगेमागे मोशीच्या बाजारातून फुलकोबीचे टेम्पो भरून निघायला लागले, की आमच्या चर्चच्या फळ्यावर खडूने सूचना लागते : ‘हंगामाचा सण. गाण्याचा सराव संध्याकाळी सात. उशीर करू नये.’ शेवटचं वाक्य दर वर्षी असतं आणि दर वर्षी सगळे उशिरा येतात. मी त्या दिवशी घरून निघण्याआधी एक काम उरकतो. चष्मा लावतो, मोबाइलवर परदेशातल्या एका संगीत-वाचनालयाची साइट उघडतो, तिथे वडिलांचं नाव शोधतो आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. कोणी काही बदललं नाही ना, कोणी काही पुसलं नाही ना.

बायको म्हणते, “सातबारा बघितल्यासारखं काय बघता दर वर्षी?”

सातबारासुद्धा बघावाच लागतो. ज्यांनी वेळच्या वेळी बघितला नाही, त्यांच्या रानात आज बारा बारा मजले उभे आहेत आणि ते स्वतः खालच्या गेटवर वॉचमन आहेत.

माझा धंदा जुन्या मशीनांचा. चाकणला जाताना डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे, बाहेर लेथ आणि ड्रिल मशीनं निळ्या ताडपत्र्या पांघरून उभी असतात, तीच माझी. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून मशीन उचलायचं, साफ करायचं, विकायचं. या धंद्यात ताजा रंग बघून जो खूश होतो तो वर्षभरात शेडला कुलूप लावतो. मला ताजा रंग दिसला की मी खिशातली किल्ली काढून खरवडतो. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, निघते आणि लांबीखाली तडा. कधी नावाची पट्टी दुसऱ्याच मशीनवरून काढून ठोकलेली असते. पट्टी जुनी आणि रिवेट नवे, एवढं बोट लावून दाखवलं की विकणाऱ्याचं तोंड उतरतं आणि भावही.

मी विकलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली, कोणी वाकून बघणार नाही अशा जागी, मी पंचने तीन बारीक ठिपके मारतो. माझंच मशीन चार वर्षांनी नवा रंग आणि नवी पट्टी लावून माझ्याच दारात विकायला आलं, असं दोनदा झालंय. दोन्ही वेळा मी जमिनीवर पाठ टेकून खाली हात फिरवला, बोटांना ठिपके लागले. समोरच्याला शांतपणे चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर शिव्या दिल्या.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते याच सवयीने केलं.

आमचा हंगामाचा सण बाहेरच्या माणसाला कोडं वाटेल. मंडळी सगळी नगर, जालना, बीडकडची. गावाकडे पहिलं कणीस, पहिली शेंग देवापुढे आणून ठेवायची आणि उपासना झाली की अंगणात तिचा लिलाव करायचा, अशी रीत. इकडे कंपन्यांत आल्यावर रान राहिलं नाही, पण रीत राहिली. मग कोणी बाजारातून फुलकोबी आणतो, कोणी अंड्यांचा ट्रे, कोणी नारळ. एक टर्नर दर वर्षी पितळेचं बुश, म्हणजे मशीनच्या दांड्यावर बसणारं कडं, आणून वेदीपाशी वांग्यांच्या शेजारी ठेवतो, चकचकीत घासून. ओल्या मेथीचा वास आणि पहिल्या शिफ्टवरून तसेच आलेल्यांच्या शर्टांना येणारा कूलंटचा वास, हे दोन्ही एकत्र आले की मला सण आल्यासारखा वाटतो. लिलाव मी पुकारतो. दुसरं कोण पुकारणार?

वडील, शांतवन साळवे, चिंचवडच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे आणि त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम. साच्याच्या वाळूत तेव्हा काकवी मिसळत. लोखंड पडलं की जळक्या गुळाचा वास सुटायचा आणि तो वडिलांच्या शर्टात, केसांत, जेवणाच्या डब्यातसुद्धा असायचा. लोकांना गुळाच्या वासाने संक्रांत आठवते. मला वडील सायकल भिंतीला टेकवताना दिसतात.

त्यांना चार आवाजांचं गाणं यायचं. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात एका शिक्षकांनी कानाने शिकवलं होतं : वरचा सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांत टेनर आणि सगळ्यांच्या तळाला बेस. पाच रेघांवर ठिपके मांडायची साहेबी लिपी मात्र त्यांना येत नव्हती. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. भट्टीच्या नोंदींचे वाया गेलेले छापील कागद फाउंड्रीत ढिगाने पडलेले असत. त्यांवर तासांच्या चौकटी छापलेल्या. वडिलांनी ते कागद शिवून वही केली आणि एका चौकटीची एक मात्रा धरली. चार आडव्या ओळी चार आवाजांना दिल्या आणि चौकटींत सा, रे, ग, म भरत गेले. कागदाच्या उजव्या कडेला एक रुंद रकाना असायचा, वर छापलेलं : शेरा. फाउंड्रीत तिथे ‘वाळू ओली’, ‘ओतणी थांबली’ असं लिहीत. वडील तिथे लिहायचे, ‘इथे श्वास.’ ‘सुशीला, हळू.’ ‘बेस झोपला.’

सुशीला म्हणजे आमच्या सुशीलामावशी. आल्टोच्या पहिल्या खुर्चीत तेव्हाही त्याच होत्या, आजही त्याच आहेत, आणि हळू गायला त्या अजून शिकलेल्या नाहीत.

वडिलांनी सणासाठी एक गीत केलं होतं. रान नसलेल्या माणसांनी देवापुढे काय न्यायचं, यावर.

नाही शेत, नाही बांध,
नाही विहिरीचे पाणी,
हात माझे हेच रान,
घे ही हातांची पेरणी.

हे गीत आमच्याकडून दापोडीला गेलं, देहूरोडला गेलं, पुढे गावाकडेही गेलं. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मंडळीने गीतांची पुस्तिका छापली. त्या वेळचे क्वायरमास्तर बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि नेहमी इस्त्रीच्या शर्टात असत. पुस्तिका हातात आली. मी आधी वडिलांचं पान काढलं. गीताच्या डोक्यावर छापलं होतं : ‘पारंपरिक चाल.’

मी भर अंगणात त्यांना गाठलं. ते हसले. म्हणाले, “अरे, तुझे वडील मोल्डर. चार आवाज कसे बांधायचे हे त्यांना कुठून येणार? कुठल्या तरी साहेबाची जुनी चाल असेल, त्यांच्या कानात राहिली असेल.”

मी पुस्तिका त्यांच्या पायाशी आपटली. वडिलांनी ती उचलली, शर्टाला पुसली आणि खिशात घातली. घरी येताना सायकलवर मागे बसून मी धुमसत होतो. ते एवढंच म्हणाले, “गातात ना? मग झालं.”

त्यांचं झालं असेल. माझं झालं नाही. त्या मास्तरांचा इस्त्रीचा शर्ट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी पुढे जे काही कमावलं, त्यात त्या एका वाक्याचा वाटा मोठा आहे.

तर, त्या वर्षीचा हंगाम. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्या क्वायरमध्ये मेघना नावाची एक मुलगी नवीन आली होती. लग्न होऊन रहाटणीला आलेली, हिंजवडीत नोकरी, आवाज आल्टो. सरावाला यायची तेव्हा गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच असायचं. आमची जुनी गीतं ती कॉम्प्युटरवर पाच रेघांच्या लिपीत उतरवून त्या साइटवर ठेवते, सणानुसार, आवाजांनुसार लावून ठेवते, असं कानावर आलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं. एक दिवस चहाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली.

“भाऊ, शांतवन काकांची वही तुमच्याकडे आहे ना? पानांचे फोटो मिळाले तर मी साइटवर टाकते.”

“टाकून काय होतं?”

“कोणालाही उतरवून घेता येतं. जगात कुठेही बसून.”

“त्याने काय द्यायचं?”

“काही नाही. सगळं फुकट असतं.”

“आणि तुला काय मिळतं?”

“मला? काही नाही.”

मी तिच्याकडे नीट बघितलं. ज्याला काही नको असतं, त्याच्याशी सौदा करताना मी दोन्ही खिसे धरून बसतो. एवढी शिकलेली मुलगी, शनिवार-रविवार डोळे फोडून मोल्डरच्या वहीतली अक्षरं उतरवणार आणि तिला काही नको. नाव हवं असणार. पुस्तिकेतही कोणाला पैसे हवे नव्हते.

सुशीलामावशी बशीतला चहा फुंकत होत्या. “दे की रं वही,” त्या म्हणाल्या. “का तिच्यावर पण बोली लावायचीय?”

“मावशी, तुम्ही चहा प्या.”

“पिऊ की. तुझ्या बापानं कवा कुनाला न्हाई म्हनलं न्हाई. तू कुनावर गेलास काय म्हाईत.”

मी अटी घातल्या. वही हातात मिळणार नाही. फोटो काढायचा नाही. माझ्या शेडमध्ये रविवारी दुपारी येऊन बसायचं, मी वाचणार, तिने टाइप करायचं. वर वडिलांचं नाव, नावापुढे ‘मोल्डर, चिंचवड’. तिचं नाव खाली, बारीक अक्षरांत. मला वाटलं, ती कुठे तरी अडेल आणि तिच्या मनात काय आहे ते कळेल. तिने सगळ्याला मान डोलावली. माझा संशय वाढला.

पहिल्या रविवारी दोन ओळी झाल्या. एका लेथच्या बेडवर लॅपटॉप, बाजूला चहाचे ग्लास, बाहेर रस्त्यावरून कंटेनरांची रांग. मी वाचत होतो, “टेनर, सा, सा, नि, सा,” आणि ती न बोलता बोटं चालवत होती. दोन ओळी झाल्यावर ती म्हणाली, “ऐकायचं?” आणि एक बटण दाबलं.

लॅपटॉपमधून पेटीसारखा, पण पेटी नव्हे असा आवाज निघाला. चारही आवाज एकदम. त्यात शब्द नव्हते, श्वास नव्हता, सुशीलामावशी नव्हत्या, तरी चाल तीच. जळक्या गुळाचा वास असलेला माणूस संध्याकाळी कंदिलापाशी चौकटींत जे भरत बसायचा, ते माझ्या शेडमध्ये पत्र्याखाली वाजत होतं. मी उठलो, बाहेर गेलो आणि दारात टेम्पो आडवा लावल्याबद्दल एका ड्रायव्हरला मिनिटभर झापलं. तो बिचारा “भाऊ, जातो ना, जातो” म्हणत राहिला. आत आलो तेव्हा मेघना खाली मान घालून ग्लास गोळा करत होती.

कोणाला वाटेल, यानंतर माझं मन निवळलं असेल. उलट झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांना एक ओळ बांधायला आठवडा लागायचा, आणि ही मुलगी ती एका बटणावर जगभर सोडणार. जे इतकं सोपं आहे ते उचलणंही तितकंच सोपं असणार. उद्या कोणी आपलं नाव वर टाकून गायला लागला तर मी ओळखणार कशावरून? चाल म्हणजे काही लेथ नव्हे, पोटाखाली हात घालायला.

मग वाटलं, का नव्हे?

दुसऱ्या रविवारी तिसरी ओळ होती. ‘हात माझे हेच रान.’ शेवटच्या ‘रान’ या शब्दावर वडिलांनी बाकीचे तीन आवाज फिरवले होते आणि टेनर चारही मात्रा पंचमावर ठेवला होता. चार चौकटींत प, प, प, प. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द : ‘हा उभा.’ त्याचा अर्थ मला कळला नाही आणि मी शोधलाही नाही. मी दोन-तीन दिवस गुणगुणून जागा हेरून ठेवली होती. कानाला बोचू नये, पण आपल्याला ओळखू यावं, अशी. मी वाचलं :

“टेनर. प, प, ध, ध.”

तिची बोटं चालली. ठिपके मारून झाले.

पुढच्या सरावाला तिने मला बाजूला घेतलं. “भाऊ, आपले टेनर ‘रान’वर हलतच नाहीत. तुम्ही सांगितलं ते वर जातं.”

“आपले टेनर आळशी आहेत,” मी म्हणालो.

“मावशींना विचारू का?”

“वही कोणाकडे आहे? मावशींकडे का माझ्याकडे?”

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. “तुमच्याकडे,” ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

साइटवाल्यांची परवानगीची भानगड निघाली. गीतकार जाऊन फार वर्षं झाली नसतील तर वारसाने लिहून द्यावं लागतं की लोकांनी हे उतरवून घेतलं तर चालेल. त्यातही प्रकार. गायला मोकळीक, छापायला मोकळीक, बदल करायला मोकळीक. मेघनाने सगळे वाचून दाखवले. मी भाजी निवडावी तसे निवडले. गा, छापा, वाटा. पैसे घेऊन विकायचं नाही. नाव वगळायचं नाही. आणि बदल करायचा नाही.

“बदलाला थोडी सूट ठेवू या का?” ती म्हणाली. “काही मंडळ्यांत बेसच नसतो, त्यांना तीन आवाजांत करून घ्यावं लागतं.”

“बेस नाही तर शोधावा. एका सुराला हात लावायचा नाही. ठळक अक्षरांत लिही.”

तिने ठळक अक्षरांत लिहिलं.

पान तयार झालं. वर ‘शांतवन साळवे, मोल्डर, चिंचवड’. मी ते आमच्या चहावाल्याला दाखवलं, वजनकाट्यावरच्या माणसाला दाखवलं. ते इस्त्रीवाले मास्तर हयात असते तर त्यांच्या दारात जाऊन दाखवलं असतं.

आणि मग मी वाट बघत बसलो. कोणी चोरतो का, याची. त्या दोन वर्षांत मी जितकी भक्तिगीतं ऐकली तितकी आयुष्यात ऐकली नसतील. संध्याकाळी शेडमध्ये बसून मोबाइलवर कुठल्या कुठल्या क्वायरचे व्हिडिओ लावायचे. कोणी हंगामाचं काही गात असलं की तिसऱ्या ओळीला कान टवकारायचे. ऐकलेल्या शब्दांत देव किती होता, सांगता येत नाही. मी टेनर ऐकत होतो.

दोन वर्षांनी सणाला नगरकडच्या एका खेड्यातल्या मंडळीचा क्वायर पाहुणा म्हणून आला. बारा-पंधरा माणसं, बायका एकसारख्या मोरपंखी साड्यांत, पुढे एक शिडशिडीत मास्तर. वेदीपाशी नेहमीचं सगळं होतं, फुलकोबी, नारळ, पितळेचं बुश. मास्तरांनी हात वर केला आणि त्यांनी वडिलांचं गीत सुरू केलं.

फार चांगलं गात होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. ‘हात माझे हेच रान.’ आणि त्यांच्या चारही टेनरनी पंचमावरून धैवतावर पाऊल टाकलं. प, प, ध, ध.

मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. जमिनीवर पाठ टेकून हात फिरवल्यावर ठिपके लागावेत, तसा. सापडले. उपासना कधी संपते असं झालं होतं. शेवटचा आशीर्वाद झाला आणि मी अंगणात भाज्यांच्या ढिगापाशी त्या मास्तरांचं मनगट धरलं.

“हे गाणं कुठून आणलंत?”

ते गोंधळले. “साइटवरनं घेतलं, साहेब.”

“कोणाचं म्हणून गाता?”

“म्हंजे?”

“कोणाच्या नावावर गाता, ते विचारतोय. आवाज चढवायला लावू नका.”

त्यांनी दुसऱ्या हाताने फाइलमधून कागद काढला. प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपरे जपलेले. वर जाड अक्षरांत होतं : चाल आणि स्वररचना, शांतवन साळवे, मोल्डर, चिंचवड. त्याखाली त्यांनी निळ्या पेनने स्वतः लिहिलं होतं, ‘सुरू करण्याआधी नाव सांगणे.’

“मी सांगितलं ना, साहेब, सुरुवातीला,” ते म्हणाले. “माइक जरा खरखरत होता. तुमी वळकता का यांना?”

मी मनगट सोडलं. मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सुशीलामावशी.

“गाता ब्येस,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “पन टेनर का हलिवला?”

“मावशी, कागदावर तसंच हाय. आन् वर लिव्हलंय, बदल करू नये. आमाला बी एकदा वाटलं, हितं थांबल्यालं बरं लागंल. पन लिव्हलंय म्हनल्यावर कसं बदलायचं? बाबांनी इचार करूनच घातलं आसंल.”

“कसला इचार? त्यो टेनर उभा असतो!” मावशींनी काठी जमिनीत रोवली. “शांतवन सोता टेनर गायचा. मी त्येला इचारलं व्हतं, समदे फिरत्यात आन् तू तिथंच का? तर म्हनला, भट्टीचं लोखंड ओतताना दोघं घेऊन येत्यात, एक जन वरची मळी अडवायला साच्यापाशी उभा ऱ्हातो. अंगावर ठिनग्या उडू दे, काय बी होऊ दे, त्यो हलत न्हाई. त्यो हलला तर साचा गेला. ते काम शांतवनचं व्हतं. त्येच त्यानं गान्यात घातलं.” मग त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. “कुनी हलिवला ह्यो?”

मेघना दोन हातांत दोन फुलकोब्या धरून तिथेच उभी होती. तिने खाली बघितलं. पलीकडून कोणीतरी ओरडलं, “साळवेभाऊ, लिलाव सुरू करा, मेथी सुकायली.”

मी पुकारा सुरू केला. माझ्या आवाजात त्या दिवशी जोर नव्हता. एक नारळ पहिल्याच बोलीला सोडून दिला. लोक म्हणाले, आज भाऊ उदार झाले.

‘हा उभा.’ वडिलांनी दोन शब्दांत लिहून ठेवलं होतं आणि ते माझ्या डोळ्यांपुढे होते. इस्त्रीवाल्या मास्तरांनी त्यांचं नाव काढलं होतं, चाल जशीच्या तशी ठेवून. मी नाव ठेवलं आणि आतला माणूस हलवला. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पट्टी अस्सल, काम दुसऱ्याचं. असं मशीन कोणी माझ्याकडे आणलं असतं तर त्याला मी चहाही पाजला नसता. आणि हे मशीन घेणारे सगळे सरळ लोक निघाले. जो कोणी तो कागद उतरवून घेईल, तो वडिलांचं नाव सांगून माझा सूर गाणार. मनापासून गाणार, कारण बदल करू नये हे मीच ठळक अक्षरांत लिहायला लावलं होतं.

पुढच्या रविवारी मी मेघनाला शेडमध्ये बोलावलं. वही तिच्या हातात दिली. पहिल्यांदाच. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, प, प, प, प, आणि मग शेऱ्यातले दोन शब्द वाचले. मी काही सांगायच्या आत तिने लॅपटॉप उघडला.

“दुरुस्त करून नवीन प्रत चढवते. जुनी पण राहते तिथे, इतिहासात. आणि बदलाचं कारण लिहावं लागतं.” तिने एक रिकामी चौकट दाखवली. “‘टाइप करताना झालेली चूक’ असं लिहू?”

“म्हणजे चूक तुझी होईल.”

“चालेल ना. काय फरक पडतो?”

मी पुन्हा तिच्याकडे बघितलं. काही नको म्हणणारी ही मुलगी आता फुकटात दोषही घ्यायला तयार होती. मला राग आला. कशाचा, ते आजही नीट सांगता येणार नाही.

“काय म्हणून घेतेस? तुला मी सांगितलं तेच तू टाइप केलंस.”

“भाऊ, साधी गोष्ट आहे. ‘दुरुस्ती’ एवढंच लिहू मग. कोणाचं नावच नको.”

“कोणाचं नाव नको हेच चाळीस वर्षं ऐकतोय. सरक जरा.”

मी खुर्ची ओढली. मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येत नाही. ती अक्षरं दाखवत गेली आणि मी एका बोटाने दाबत गेलो. ‘मुद्दाम’ हा शब्द घालायचा का नाही, यावर बराच वेळ गेला. ती म्हणत होती, गरज नाही. मी म्हणत होतो, आहे. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असा सौदा चालला होता, ज्यात मी स्वतःचाच भाव पाडत होतो. शेवटी त्या चौकटीत हे गेलं : ‘तिसऱ्या ओळीत टेनर उभा राहतो. त्याला मुलाने मुद्दाम हलवलं होतं. वडिलांची चूक नाही. टाइप करणारीचीही नाही.’

नगरकडच्या मास्तरांना फोन करून मी नवा कागद घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं, साहेब. आमच्या टेनरला त्ये थांबल्यालंच आवडत व्हतं.” बाकी कोणी कोणी जुना कागद घेऊन ठेवलाय, मला माहीत नाही. कुठल्या तरी गावात आजही एखादा टेनर माझ्यामुळे जागचा हलत असेल.

बदल करू नये ही अट मी अजून काढलेली नाही. मेघना दर वर्षी विचारते, मी दर वर्षी बघू म्हणतो.

या वर्षीही ते पान उघडून बघितलं. वर नाव आहे. खाली इतिहासात माझी ती चार वाक्यं आहेत, तशीच. साइट नीट लावायच्या निमित्ताने कोणी ती उडवून टाकेल, ही मला धास्ती असते, म्हणून बघतो. आणि दर वर्षी ती वाचताना एक शंका डोकं वर काढते. मेघनाने पहिल्याच महिन्यात मावशींना विचारलं असेल का? तिला सगळं ठाऊक असून ती दोन वर्षं गप्प राहिली का? मी आपण होऊन यावं म्हणून? का त्या पाहुण्या क्वायरला बोलावणंच तिने पाठवलं होतं? मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, “भाऊ, तुम्हाला सगळ्यात काहीतरी दिसतं.” हे काही उत्तर नव्हे.

मी चर्चमध्ये पोचलो तेव्हा सराव सुरू झाला होता. टेनरला यंदा दोन नवी पोरं आहेत, दोघंही आकुर्डीच्या कंपनीत ट्रेनी, हातात मेघनाने छापून दिलेले कोरे करकरीत कागद. मावशी पहिल्या खुर्चीत. मी मागे बेसमध्ये. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी आली तसा मी तोंड मिटलं आणि कान लावले. ‘हेच रान.’ सोप्रानो खाली आला, आल्टो वर चढला, आणि मधोमध ती दोन पोरं पंचमावर उभी राहिली. एक मात्रा, दोन, तीन. हलली नाहीत.

“बेस झोपला!” सुशीलामावशी मागे न बघता ओरडल्या.